ग्लास निवडताना आधी तोंड पाहावे

एका रविवारी संध्याकाळी मी पिनो न्वार या लाल वाइनची एक बाटली उघडली आणि ती चार भांड्यांत ओतली : पाणी पिण्याचा सरळ पेला, कॉफीचा जाड मग, शॅम्पेनसाठी वापरतात तो उंच, अरुंद फ्लूट आणि पोट सुटलेला एक मोठा ग्लास. प्रत्येकात मापाने मोजून ७५ मिलिलिटर वाइन होती. धाकट्या बहिणीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि कुठलेही भांडे तिच्या हाती न देता, ओठांनाही न लावता, एकेक तिच्या नाकाखाली धरले. वजन किंवा काठाची जाडी कळली असती तर तिने लगेच अंदाज बांधला असता, आणि मला नेमके तेच टाळायचे होते. सरळ पेला हुंगून ती म्हणाली, "वास आहे, पण लांबून येतोय." फ्लूटमध्ये तिला फारसे काही सापडलेच नाही. कॉफीचा मग नाकाशी येताच तिने तोंड फिरवले आणि म्हणाली, "दादा, हा आधी नीट धुऊन आण." मोठ्या ग्लासापाशी मात्र ती थांबली, तिने दोनदा हुंगले, चेरी म्हणाली, ओला पालापाचोळा म्हणाली, आणि शेवटी विचारले, "ही दुसरी बाटली आहे ना?"

ती दुसरी बाटली नव्हती. हा प्रयोग शास्त्रीय नव्हता याची मला जाणीव आहे, कारण क्रम मी ठरवला होता आणि उत्तर मला आधीपासून माहीत होते. तरीही त्या संध्याकाळी एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली, ती म्हणजे वाइनच्या ग्लासाचे काम जिभेसाठी फार थोडे आणि नाकासाठी फार मोठे असते. हे एकदा ध्यानात आले की ग्लास निवडणे बरेच सोपे होते, आणि दुकानात मांडलेल्या डझनभर आकारांपैकी बहुतेकांकडे शांतपणे पाठ फिरवता येते.

पुढे जाण्यापूर्वी शब्दांचे ठरवून घेतो. ग्लासाचा जो भाग ओठांना लागतो त्याला मी काठ म्हणतो आणि काठाने वेढलेल्या उघड्या भागाला तोंड. ज्यात वाइन राहते ते पोट, त्याखाली दांडी आणि सर्वांत खाली बैठक. निवड करताना पाहायचे असते ते पोटाच्या सर्वांत रुंद जागेचे आणि तोंडाचे प्रमाण. पोट जिथे सर्वांत रुंद असते तिथपर्यंतच वाइन ओतली, की हवेला भिडणारा तिचा पृष्ठभाग जास्तीत जास्त मोठा होतो. ग्लास गोल फिरवला की आतल्या भिंतीवर वाइनचा पातळ थर चढतो आणि त्यातून गंधद्रव्ये झपाट्याने सुटतात. वरचा भाग आत वळलेला असेल तर ती तिथेच कोंडून राहतात, बाहेर पसरत नाहीत, आणि नाक आत घातले की एकदम भेटतात. तोंड पोटापेक्षा रुंद असेल तर हे सगळे केलेले वाया जाते. म्हणून ग्लास एक तृतीयांशाहून अधिक भरू नये असे जे सांगतात, त्यामागे कंजूषपणा नाही, कारण वरची रिकामी जागा हाच ग्लासाचा कामाचा भाग असतो. काठोकाठ भरलेला उत्तम ग्लास आणि साधा पेला यांत नाकाच्या दृष्टीने काही फरक उरत नाही.

या कोंडलेल्या जागेत नेमके काय घडते हे टोकियोतल्या संशोधकांनी २०१५ मध्ये चक्क छायाचित्रांत दाखवले. त्यांनी ग्लासाच्या तोंडावर विशिष्ट विकरे लावलेली बारीक जाळी ठेवली. वाइनमधून वर येणारी अल्कोहोलची वाफ त्या जाळीवर पोहोचली की रासायनिक क्रिया होऊन मंद प्रकाश निर्माण होतो, आणि तो कॅमेऱ्याने टिपता येतो. वाइनच्या नेहमीच्या ग्लासात, १३ अंश सेल्सिअसला, अल्कोहोलची वाफ काठालगत कड्यासारखी जमलेली दिसली आणि मधला भाग त्या मानाने मोकळा राहिला. सरळ पेल्यात आणि उलट्या शंकूच्या आकाराच्या कॉकटेल ग्लासात असे कडे दिसले नाही. वाइन तापवून २५ अंशांवर नेली तेव्हा वाइनच्या ग्लासातलेही कडे नाहीसे झाले. याचा व्यवहारातला अर्थ असा, की योग्य आकाराच्या ग्लासात आणि योग्य तापमानाला नाक मध्यभागी धरले, तर अल्कोहोलचा झणका कमी आणि फळाफुलांचा गंध अधिक मिळतो. तेव्हापासून मी मुद्दाम नाक आधी मध्यभागी आणि मग काठाजवळ नेऊन पाहतो. फरक दरवेळी जाणवतोच असे नाही, पण तेज अल्कोहोलच्या वाइनमध्ये तो बऱ्याचदा जाणवतो.

जिभेबद्दल मात्र बरेच काही चुकीचे सांगितले जाते. अमुक आकाराचा ग्लास वाइन जिभेच्या टोकावर सोडतो म्हणून गोडवा आधी लागतो, आणि तमुक आकाराचा ती कडांवर सोडतो म्हणून आंबटपणा, असे विवेचन मीही अनेक वर्षे खरे मानत होतो आणि पाहुण्यांना ऐकवतही होतो. या विवेचनाच्या मुळाशी जिभेचा जो नकाशा आहे, तोच मोडीत निघालेला आहे. हेनिग या जर्मन संशोधकाने १९०१ मध्ये जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनशीलतेतले किरकोळ फरक नोंदवले होते, १९४२ मध्ये बोरिंग यांच्या पुस्तकातल्या आलेखामुळे ते किरकोळ फरक मोठे वाटू लागले, आणि तिथून तो रंगीत नकाशा शाळेच्या पुस्तकांत गेला. १९७४ मध्ये व्हर्जिनिया कॉलिंग्ज यांनी हे पुन्हा तपासले तेव्हा फरक आहेत पण नगण्य आहेत असेच दिसले. चवी जिभेवर सगळीकडे कळतात, आणि शिवाय घोट तोंडात गेल्यावर क्षणभरात सर्वत्र पसरतो. ग्लासाच्या काठाची जाडी घोट केवढा होईल हे ठरवते, एवढे मी मानतो. त्यापलीकडचे सगळे मी पाहुण्यांना सांगणे थांबवले आहे.

आता प्रश्न येतो की लाल वाइनसाठी दोन वेगळे मोठे ग्लास का असतात. द्राक्षाच्या जातीनुसार ग्लासाचा आकार ठरवण्याची कल्पना रुजवली ती ऑस्ट्रियातल्या काचकारांच्या घराण्यातले क्लाउस रीडेल यांनी. १९५८ मध्ये त्यांनी फ्रान्समधल्या बर्गंडी प्रांतातल्या वाइनसाठी जो ग्लास काढला, त्याची क्षमता एक लिटरहून थोडी अधिक आहे, म्हणजे बाटलीतली सगळी ७५० मिलिलिटर वाइन त्यात मावून वर जागा उरते. १९७३ मध्ये त्यांनी वेगवेगळ्या वाइनसाठी ग्लासांची संपूर्ण मालिकाच बाजारात आणली. त्याआधी चांगला ग्लास म्हणजे नक्षी कोरलेला, कधी रंगीत, जाड काचेचा आणि आकाराने लहान, अशीच समजूत बऱ्याच ठिकाणी होती. पातळ, बिननक्षीचा आणि मोठा ग्लास ही आज सवयीची वाटणारी गोष्ट तशी अलीकडचीच आहे.

बर्गंडीचा ग्लास सफरचंदासारखा गोल आणि रुंद असतो आणि वर एकदम आत वळतो. पिनो न्वार किंवा नेबियोलो यांचा गंध नाजूक असतो, रंग फिका असतो, आणि त्यांना पसरायला मोठा पृष्ठभाग मिळाला तरच ती खुलतात. बोर्दो या फ्रान्समधल्याच दुसऱ्या वाइन-प्रांताच्या नावाचा ग्लास उंच असतो, त्याच्या भिंती जवळजवळ सरळ वर जातात आणि तोंडाशी किंचित आवळतात. काबर्ने सोविन्यों, मर्लो, सिरा अशा भरदार वाइनचा गंध मुळातच जोरकस असल्यामुळे तिथे तेवढी रुंदी लागत नाही. उलट उंचीमुळे नाक आणि वाइन यांच्यात अंतर राहते आणि अल्कोहोलचा पहिला झणका थोडा निवतो. हा फरक खरा आहे, पण तो सूक्ष्म आहे. बोर्दोच्या ग्लासात पिनो न्वार प्यायल्याने कुणाची संध्याकाळ बिघडत नाही. घरात एकच मोठा ग्लास ठेवायचा असेल तर मी बोर्दोच्या वळणाचा, पण पोटाशी थोडा अधिक गोल असा, साधारण ५०० ते ६०० मिलिलिटरचा घेईन. फार जुन्या लाल वाइनच्या बाबतीत माझे मत प्रचलित सल्ल्याच्या थोडे विरुद्ध आहे. ज्या वाइनचा गंध वयोमानाने विरळ झालेला असतो, तिला अवाढव्य ग्लासात ओतून गरगर फिरवले तर उरलेला गंध पाच-दहा मिनिटांत उडून जातो. अशी वाइन मी मध्यम ग्लासात ओततो आणि फिरवत नाही.

ग्लास फिरवल्यावर भिंतीवरून जे ओघळ उतरतात त्यांच्याकडे पाहून वाइनचा दर्जा सांगणारे लोक भेटतात. ग्लास जितका मोठा तितके हे ओघळ ठळक दिसतात, म्हणून त्यांचा उल्लेख इथे करतो. भिंतीवरच्या पातळ थरातून अल्कोहोल पाण्याआधी उडून जातो, त्यामुळे तिथला पृष्ठताण वाढतो, खालची वाइन वर ओढली जाते आणि मग थेंब होऊन खाली घसरते. जेम्स टॉमसन यांनी १८५५ मध्येच याचे स्पष्टीकरण दिले होते. ओघळांवरून अल्कोहोलचा अंदाज येतो. दर्जाचा येत नाही.

पांढऱ्या वाइनचा ग्लास लहान का, याचे मुख्य कारण तापमान आहे. सोविन्यों ब्लां किंवा रीसलिंग साधारण ८ ते १२ अंशांवर छान लागते, आणि मोठ्या ग्लासात रेंगाळलेली वाइन खोलीच्या उबेने बघता बघता त्यापलीकडे जाते. लहान ग्लासात थोडी ओतावी, संपली की बाटलीतून थंड पुन्हा घ्यावी, हा साधा हिशेब आहे. साधारण ३०० ते ४०० मिलिलिटरचा, उभट, तोंडाशी आत वळलेला ग्लास अशा ताज्या, फळगंधी वाइनला पुरतो. ओकच्या पिंपात मुरलेली शार्डने मात्र या नियमातून सोडवावी. ती थोडी कमी थंड चालते, तिचा पोत जड असतो आणि तिला गोल, रुंद पोटाचा ग्लास मानवतो, इतका की मी ती बर्गंडीच्या ग्लासातही ओततो. रोझेला, म्हणजे गुलाबी वाइनला, पांढऱ्या वाइनचाच ग्लास द्यावा आणि त्यावर अधिक विचार करू नये.

फसफसणाऱ्या वाइनची गोष्ट सर्वांत मजेची आहे, कारण तिथे नाक आणि डोळे यांचे भांडण आहे. पसरट, उथळ कूप हा ग्लास दिसायला देखणा असतो आणि त्याच्याभोवती फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिची एक चावट आख्यायिकाही फिरत असते, तिला कसलाही आधार नाही. त्यात वाइनचा पृष्ठभाग मोठा आणि खोली नाहीच, त्यामुळे वायू लवकर निघून जातो, गंध कोंडायला जागा नसते, आणि हात जरा हलला की वाइन बाहेर येते. त्याच्या उलट फ्लूट. त्यात बुडबुड्यांच्या रांगा तळापासून वरपर्यंत चढताना पाहत बसावे असे वाटते आणि वायूही जास्त वेळ टिकतो, पण त्याच्या चिमुकल्या तोंडात नाक शिरत नाही. शिवाय अरुंद जागेत कार्बन डायऑक्साइड दाटतो, म्हणून हुंगायला गेले की नाकात झिणझिण्या येतात आणि गंध त्यामागे दडून राहतो. फ्रान्समधल्या रँस विद्यापीठातले जेरार लिझे-बेलेर यांनी आयुष्याचा मोठा काळ या बुडबुड्यांवर घालवला आहे. फ्लूटच्या तोंडाशी या वायूचे प्रमाण कूपपेक्षा बरेच अधिक असते, हे त्यांच्या गटाने मोजून दाखवले.

त्यांच्या कामातली आणखी एक गोष्ट मला फार आवडते. शॅम्पेनच्या एका बाटलीत सुमारे ९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, म्हणजे मोकळा सोडला तर जवळजवळ ५ लिटर वायू. पण अगदी निर्मळ, गुळगुळीत काचेवर बुडबुडा जन्मच घेऊ शकत नाही, कारण त्याला सुरुवातीला हवेचा एक सूक्ष्म कप्पा लागतो. असे कप्पे मिळतात ते पुसायच्या कापडाच्या किंवा हवेतल्या धाग्यांत. म्हणजे ग्लासातली ती सुंदर रांग बहुधा एखाद्या अदृश्य तंतूपासून निघालेली असते. हे भरवशाचे व्हावे म्हणून काही ग्लासांच्या तळाशी मुद्दाम बारीक खाचा कोरलेल्या असतात. रिकामा ग्लास उजेडात तिरका धरला की तळाशी पांढुरका ठिपका किंवा छोटे कडे दिसते, तेच ते. या सगळ्यानंतर माझी निवड ट्यूलिपच्या आकाराच्या ग्लासाची आहे : तळाशी निमुळता, म्हणून बुडबुड्यांची रांग शाबूत राहते, मध्ये फुगीर, म्हणून गंधाला जागा मिळते, आणि वर पुन्हा आत वळलेला. तो नसेल तर पांढऱ्या वाइनचा ग्लास फ्लूटपेक्षा नक्कीच चांगला. ओतताना ग्लास तिरका धरून वाइन भिंतीवरून हळूच सोडली तर वायू अधिक टिकतो, हेही त्याच गटाने २०१० मध्ये मोजून दाखवले आहे.

पोर्ट आणि शेरी या तेज अल्कोहोलच्या वाइन आणि गोड वाइन यांच्यासाठी लोक अंगठ्याएवढे ग्लास काढतात आणि ते काठोकाठ भरतात. घोट लहान हवा हे ठीक, पण ग्लास लहान असण्याचे काही कारण नाही. पांढऱ्या वाइनच्या साध्या ग्लासात ६० मिलिलिटर ओतली की झाले. शेरीसाठी स्पेनमध्ये कोपिता नावाचा लहान, निमुळता ग्लास वापरतात, तो मात्र खरोखर विचार करून घडवलेला आहे.

व्यवसायाने वाइन चाखणारे लोक कोणता ग्लास वापरतात हे पाहिले तर आकारांचा हा पसारा आणखी कमी होतो. त्यांच्यासाठी १९७७ पासून एक आंतरराष्ट्रीय मानक आहे : एकूण उंची १५५ मिलिमीटर, पोट सर्वांत रुंद जागी ६५ मिलिमीटर, तोंड ४६ मिलिमीटर, क्षमता सुमारे २१५ मिलिलिटर, आणि चाखण्यासाठी त्यात ओतायची ५० मिलिलिटर. लाल असो वा पांढरी, सगळ्या वाइन त्याच एका ग्लासातून तोलल्या जातात. घरी निवांत पिण्यासाठी तो मला फार चिंचोळा वाटतो, पण त्यातले तोंडाचे आणि पोटाचे प्रमाण मी पाठ केले आहे. तोंड पोटाच्या साधारण सात दशांश. दुसऱ्या टोकाला, इंग्रज वाइनलेखिका जॅन्सिस रॉबिन्सन यांनी २०१८ मध्ये रिचर्ड ब्रेंडन या डिझायनरसह एकच ग्लास काढला आणि तो फसफसणाऱ्यापासून पोर्टपर्यंत सगळ्या वाइनना पुरे, असे त्या ठामपणे सांगतात. मी त्यांच्याशी पाऊणएक सहमत आहे.

काचेबद्दल थोडेसे. इंग्लंडमध्ये जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट यांनी १६७४ मध्ये चकचकीत काचेच्या ज्या कृतीचे पेटंट घेतले, तिच्यातून शिसेयुक्त क्रिस्टलची परंपरा निघाली. युरोपीय नियमांनुसार लेड क्रिस्टल म्हणवून घेण्यासाठी काचेत किमान २४ टक्के लेड ऑक्साइड असावे लागते. अशा ग्लासातून तासभरात वाइन प्यायल्याने शिसे फारसे उतरत नाही, पण अशा डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या सुरईत, वाइन किंवा पोर्ट दिवसेंदिवस ठेवणे धोक्याचे आहे, कारण आम्लामुळे शिसे हळूहळू पाझरत राहते. आता शिशाऐवजी बेरियम, झिंक किंवा टायटॅनियम वापरून तितकीच चकचकीत आणि अधिक चिवट काच बनते, त्यामुळे शिसेयुक्त ग्लास नव्याने घेण्याचे कारण मला दिसत नाही. काच पारदर्शक आणि बिनरंगी असावी. काठावरून बोट फिरवून पाहावे : गोल वळवल्यासारखी जाड कड लागली तर तो ग्लास स्वस्तातला आहे, आणि बोट न अडखळता पुढे गेले तर काठ कापून घासलेला आहे. दांडीवरही नखाने तपासावे, यंत्राच्या साच्यातल्या ग्लासावर बहुधा एक उभी बारीक शीर लागते. बिनदांडीचे ग्लास सोयीचे असतात, फुटत कमी, पण तळहाताची ऊब सरळ वाइनला लागते आणि पोटावर बोटांचे ठसे उमटतात. लाल वाइनला एक वेळ चालतील, थंड वाइनला नाही.

ग्लास धुण्याचा विषय मी टाळणार होतो, पण माझे सर्वांत मोठे नुकसान तिथेच झाले आहे. बर्गंडीचे दोन उत्तम ग्लास मी एकाच पद्धतीने मोडले. एका हाताने बैठक पकडली, दुसऱ्या हाताने फडके पोटात घालून फिरवले, आणि दांडी पेन्सिलीसारखी कट्कन तुटली. दुसऱ्या वेळी तळहातावर दोन टाकेही पडले. तेव्हापासून पोट पुसताना पोटच धरायचे, बैठक पुसताना बैठक, असा नियम आहे. साबण अगदी थोडा आणि गरम पाण्याने भरपूर धुवावे, कारण साबणाचा अंश राहिला तर वाइनला वास लागतो आणि बुडबुडेही मरतात. कपाटात ग्लास पालथे ठेवू नयेत, फळीचा आणि कोंडलेल्या हवेचा वास पोटात साचतो. वाइन ओतण्यापूर्वी मी रिकामा ग्लास एकदा हुंगतो. पुठ्ठ्याचा, फडक्याचा किंवा कपाटाचा वास आला तर त्यात चमचाभर वाइन फिरवून ती टाकून देतो आणि मग ओततो.

आज माझ्याकडे जे तीन प्रकार उरले आहेत ते असे : सुमारे ४०० मिलिलिटरचे सहा उभट ग्लास, ज्यांत पांढरी, रोझे, फसफसणारी आणि गोड अशा सगळ्या वाइन ओततो, ५५० मिलिलिटरचे चार, लाल वाइनसाठी, आणि बर्गंडीच्या आकाराचा एकच, जो त्या दोन अपघातांतून वाचला. तोही मीच धुतो, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही, यावर बहीण हसते, कारण मोडलेले दोन्ही माझ्याच हातून मोडले होते. फ्लूट अजून आहे. त्या रविवारनंतर त्यात वाइन ओतलेली नाही, आणि सध्या त्यात दोन पेन आणि एक पट्टी उभी आहे.